मांडवातला कीबोर्डवाला

सीरियन गायक ओमर सुलेमानच्या कार्यक्रमाची एखादी चित्रफीत लावा. मंचावर माणसं बहुधा दोनच. पुढे लांब झगा, डोक्याला लाल-पांढऱ्या चौकड्यांचं फडकं, काळा चष्मा आणि भरघोस मिशा असा एक थोराड गडी. तो फारसा हलत नाही. माइक धरून सावकाश इकडून तिकडे फेऱ्या मारतो, मध्येच टाळ्या वाजवून समोरच्यांना चेव आणतो, भरड आवाजात एखादी ओळ फेकतो आणि पुन्हा गप्प होतो. एवढ्यावर समोरची पोरं घामाघूम होईस्तोवर नाचत असतात. मग ढोल कोण बडवतंय? ती कर्कश, नागमोडी पिपाणी कोण फुंकतंय? सुलेमानच्या गाजलेल्या वर्षांतली चित्रफीत असेल, तर मागे अर्धवट उजेडात एक शांत माणूस कीबोर्डांसमोर उभा दिसेल. ढोल तोच, पिपाणी तोच, टाळ्यांचा गजरही तोच. त्याचं नाव रिझान सईद. हे प्रकरण ओमर सुलेमानच्या उदयाचं आहे, पण त्याच्या गाण्यात जे नवं होतं त्यातलं निम्म्याहून अधिक या मागच्या माणसाच्या बोटांतून आलेलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यं यांची सांगड म्हटली की आपल्यासमोर एक ठरावीक चित्र उभं राहतं. शहरातला शिकलेला मुलगा लॅपटॉप आणि चांगला माइक घेऊन खेड्यात जातो, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या गायिकेचा आवाज टिपून आणतो, त्याखाली ठेका घालतो आणि त्याला ‘फ्यूजन’ म्हणतो. यातून चांगली गाणी निघालीच नाहीत असं नाही. पण या व्यवहारात लोककलावंत कायम कच्चा माल पुरवणारा आणि यंत्र कायम शहरी माणसाच्या हातात. सीरियाच्या ईशान्य कोपऱ्यात १९९०च्या दशकात जे घडलं, त्यात असा मधला माणूसच नव्हता. लग्नात वाजवून पोट भरणाऱ्यांनी यंत्र विकत घेतलं, आपल्या गळ्याला आणि नाचणाऱ्यांच्या पायांना बसेल असं ते वळवून घेतलं, आणि बाहेरच्या जगाला याचा पत्ता लागेपर्यंत दहा-बारा वर्षं उलटून गेली होती.

रुळालगतचं गाव

रास अल-ऐन हे हसाका प्रांतातलं गाव तुर्कस्तानला इतकं खेटून आहे की रेल्वेचा रूळ हीच तिथली सरहद्द. खाबूर नदीचे झरे इथलेच. भोवताली गव्हाचा आणि कापसाचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात कॉकेशसमधून आलेल्या चेचेन निर्वासितांनी आजचं गाव वसवलं. पुढे त्यात आणि आसपास अरब आणि कुर्द, असीरियन आणि आर्मेनियन असे सगळे मिसळले. पूर्वेला इराक लागून असल्यामुळे तिकडचे ठेके आणि चालीही सहज येऊन मिळाल्या. ओमर सुलेमान याच भागातल्या अरब कुटुंबात १९६६ साली जन्मला. रिझान सईद कुर्द. अशा मुलखात लग्नात गाणाऱ्याचं एका भाषेवर, एका चालीवर भागत नाही. आज अरबांच्या अंगणात, उद्या कुर्दांच्या, परवा ख्रिस्ती घरात. ज्याला सगळ्यांच्या चाली येतात त्यालाच सुपाऱ्या मिळतात.

या लग्नांचा जीव म्हणजे दबके. हा रांगेत नाचायचा नाच. माणसं हातात हात गुंफून किंवा खांद्याला खांदा लावून एक लांब ओळ करतात आणि ठरलेल्या मात्रेवर जमिनीवर पाय आपटतात. ओळीच्या टोकाचा म्होरक्या हातातला रुमाल किंवा जपमाळ गरगर फिरवत बाकीच्यांना खेळवतो. पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरिया, जॉर्डन या सगळ्या पट्ट्यात दबके आहे आणि गावोगाव त्याची पावलं वेगळी आहेत. पॅलेस्टाइनचा दबके २०२३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. वारसा यादीत गेलेल्या गोष्टी पुष्कळदा काचेच्या कपाटात जातात. हसाकाकडचा दबके मात्र तोवर चांगला दणदणीत विजेवर चालू लागला होता.

मूळची वाद्यं म्हणजे मोठा ढोल, सनईच्या कुळातला झुर्ना, तारांचं साझ किंवा बुझुक, आणि मिजविझ. मिजविझपाशी जरा थांबू, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. बोरूच्या दोन सारख्या नळ्या शेजारी शेजारी बांधलेल्या, प्रत्येकीला आपली स्वतंत्र जिभली. वाजवणारा दोन्ही जिभल्या तोंडात धरतो, दोन्ही नळ्यांची भोकं एकाच बोटाने दाबतो आणि गाल फुगवून, श्वास न तोडता फुंकत राहतो. दोन्ही नळ्या एकाच सुराच्या. पण बोरूच्या दोन नळ्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. एकीने सेकंदाला ४४० कंपनं केली आणि दुसरीने ४४४, तर कानाला एकच सूर ऐकू येतो, पण तो सेकंदाला चार वेळा मोठा-लहान होत थरथरतो. ध्वनिशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. मिजविझचा तो भुंग्यासारखा, अंगावर येणारा आवाज या थरथरीतून येतो.

आता गंमत बघा. विजेच्या सिंथेसायझरमध्ये एकच सूर काढला तर तो चपटा, निर्जीव लागतो. म्हणून वादक आतल्या दोन लहरी मुद्दाम किंचित वरखाली लावतात. याला ‘डीट्यून’ करणं म्हणतात. युरोपातल्या नाचाच्या क्लबांत गेली तीन-चार दशकं जो जाड, करवतीसारखा सूर घुमतोय तो या युक्तीचा. म्हणजे बोरूच्या दोन नळ्या आणि सिंथेसायझरच्या दोन लहरी, दोन्हीकडे किमया एकच. रिझानने कीबोर्डवर मिजविझचा सूर लावला तेव्हा लोकवाद्याची जागा एखाद्या परक्या आवाजाने घेतली असं कुणालाच वाटलं नाही. पुढे बर्लिन आणि न्यूयॉर्कच्या पोरांनाही तो सूर ओळखीचा वाटला, याचं कारण हेच. दोघांनी एकाच आवाजात आपापलं ऐकलं.

न बसणारा ऋषभ

थरथर साधली, पण सुराचं काय? इथे खरी अडचण होती.

पेटी, पियानो, कीबोर्ड या सगळ्यांत सप्तकाचे बारा सारखे तुकडे असतात. मोजायला सोपं जावं म्हणून प्रत्येक तुकडा १०० सेंटचा धरतात. षड्जापासून कोमल ऋषभ १०० सेंटवर, शुद्ध ऋषभ २०० वर. अरबी संगीतात मकाम नावाच्या सुरावटी आहेत, आपल्या रागांच्या दूरच्या नात्यातल्या. त्यातला सगळ्यात घरोघरी गाइला जाणारा बयाती. त्याचा दुसरा सूर आपल्या कोमल ऋषभाच्या वर आणि शुद्ध ऋषभाच्या खाली, साधारण दीडशे सेंटच्या आसपास बसतो. साधारण म्हणायचं, कारण गावागणिक आणि गळ्यागणिक तो थोडा इकडे तिकडे सरकतो. कीबोर्डवर मात्र त्या जागी पट्टीच नाही. खालची दाबली तर रडका लागतो, वरची दाबली तर उघडा पडतो.

या अडचणीवर विद्वानांनी पूर्वीच डोकं खाजवलं होतं. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बेला बार्टोक आणि पॉल हिंडेमिथ यांच्यासारखे युरोपातले रचनाकारही तिथे हजर होते. पियानो अरबी संगीतात चालवून घ्यायचा की नाही, त्यात पाव स्वरांच्या जादा पट्ट्या घालायच्या की काय, यावर तिथे बरीच खडाजंगी झाली आणि एकमत काही झालं नाही. मराठी वाचकाला हे सगळं ऐकल्यासारखं वाटेल. पेटीत श्रुती नाहीत, मींड नाही म्हणून आपल्याकडेही असाच वाद पेटला होता, १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला तीस वर्षं जावी लागली. आपल्याकडचे डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटीच तयार केली. पण कैरोतल्या विद्वानांना जे परिषदेत सुटलं नाही, ते पुढे बाजाराने सोडवलं.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डात सूर लाकडात किंवा पितळेत कोरलेला नसतो. तो आकडा असतो, आणि आकडा बदलता येतो. यामाहा, कोर्ग वगैरे जपानी कंपन्यांच्या हे लक्षात आलं की अरब देशांत लग्नं भरपूर आणि गिऱ्हाईकही भरपूर. त्यांनी बारा पट्ट्यांपैकी हवी ती पट्टी एका बटणासरशी ५० सेंटनी खाली उतरवायची सोय दिली. यामाहाची ‘पीएसआर-ए’ मालिका खास त्या बाजारासाठी निघाली, तशी आपल्यासाठी ‘पीएसआर-आय’ निघाली, तबल्याच्या ठेक्यांसकट. कोर्गच्या ‘पीए’ मालिकेतल्या काही कीबोर्डांत तर सूर उतरवायची बटणं पट्ट्यांच्या वरच हाताशी येतील अशी लावली.

हे वाद्य आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे. डाव्या हाताने एक-दोन पट्ट्या दाबल्या की ढोल, बास, टाळ्या आपोआप सुरू. उजवा हात चाल वाजवायला मोकळा. पण कारखान्यातून जे ठेके भरून येतात त्यात बोसानोव्हा असतो, वॉल्ट्झ असतो. हसाकाचा ठेका कोण देणार? तो वादकानेच एकेक ठोका टाकून बसवायचा. त्या भागातल्या कीबोर्डवाल्यांमध्ये असे बसवलेले ठेके आणि टिपून भरलेले टोन हाच खरा ऐवज. कीबोर्ड काय, दुकानात कुणालाही मिळतो. त्याच्या पोटात काय भरलंय यावर वादकाचा भाव ठरतो.

रिझानची बोटं जवळून पाहण्यासारखी आहेत. उजव्या हाताने तो झुर्न्याची चाल इतक्या झपाट्याने काढतो की एकेक सूर सुटा लागत नाही. मुरकी संपायच्या आत दुसरी सुरू. चाल एका मकामातून दुसऱ्यात शिरली की डावा हात ठेका सोडून वर झेप घेतो, एक सूर उतरवतो, दुसरा चढवतो आणि पुढची मात्रा यायच्या आत खाली. फुंकवाद्यातला सूर जसा ओठांच्या जोराने वाकतो तसा वाकवायला कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात एक दांडी असते. तिचाही वापर अखंड चाललेला. आणि हे सगळं करताना चेहऱ्यावर रेषा हलत नाही. पाठीमागे उभं राहून कारकुनी करावी तसा तो वाजवतो.

आधी वधूवरांना, मग बाजाराला

सुलेमानने धंदा म्हणून गाणं सुरू केलं ते १९९४ साली. सुरुवातीला वादकांचा लहानसा ताफा असायचा. पुढे तो दोघांवर आला. कलेच्या इतिहासात याला ‘मिनिमलिझम’ वगैरे भारदस्त नाव देता येईल. खरं कारण इतकंच की सुपारी पाचात वाटण्यापेक्षा दोघांत वाटलेली परवडते. आपल्याकडच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले त्यामागेही हाच हिशेब होता. लोकसंगीताचा ऱ्हास झाला म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. त्यात बेकार झालेले ढोलवाले आणि झुर्नावाले आहेत, हे मी विसरायला सांगत नाही. पण उरलेल्या दोघांनी ते वादन टाकून दिलं नाही, तर ते यंत्रात उतरवून पुढे नेलं.

सुलेमानच्या नावावर पाचशेहून जास्त कॅसेट आहेत असं सांगितलं जातं. आकडा ऐकून छाती दडपते, पण त्यामागची रीत समजली की उलगडा होतो. बहुतेक कॅसेट म्हणजे लग्नातलं ध्वनिमुद्रण. लग्न लागायचं, गाणं-नाच व्हायचा, जे काही वाजलं ते टेपवर यायचं आणि ती टेप वधूवरांना भेट म्हणून दिली जायची. त्याच टेपच्या नकला निघून कॅसेटच्या टपऱ्यांवर यायच्या. म्हणजे स्टुडिओचं भाडं नाही, जाहिरात नाही, आणि गाणं चाललं की पडलं ते जागच्या जागी नाचणाऱ्यांनीच सांगून टाकलेलं. १९९६च्या सुमाराला ‘जानी’ हे त्याचं गाणं असंच टपऱ्याटपऱ्यांवर वाजलं आणि हसाकाबाहेर त्याचं नाव झालं.

गाण्याचे शब्द कुठून यायचे, तर तेही तिथल्या तिथे. महमूद हर्बी नावाचा कवी अनेक वर्षं त्याच्या जोडीला होता. लग्नात हा कवी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा, एकीमागून एक सिगारेट ओढायचा आणि मधूनमधून वाकून कानात कडवं कुजबुजायचा. सुलेमान ते उचलून गर्दीत शिरायचा, गाऊन टाकायचा, परत येऊन कान पुढे करायचा. अताबा नावाचा हा शीघ्रकाव्याचा प्रकार त्या भागात फार जुना आहे. विरहाचं, तक्रारीचं, विनवणीचं काव्य. तो गाताना ठेका नसतो. मागे एकच सूर धरून ठेवलेला असतो आणि गळा मोकळा फिरत असतो. नाचणारे ओळ धरून थांबलेले. मग एका क्षणी कीबोर्डवाला बोट दाबतो आणि ढोल कोसळतो. क्लबातले डीजे श्रोत्यांना असंच ताटकळत ठेवतात आणि मग एकदम ठेका सोडतात. हसाकातल्या मंडळींना ही युक्ती कुणी शिकवायला लागली नाही. दबकेच्या आधी अताबा ही तिथली रीतच होती.

इथे थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. पश्चिमेने यंत्र दिलं आणि पूर्वेने लोकगीत दिलं, ही विभागणी मुळातच कच्ची आहे. १९४४ साली कैरोत हलीम अल-दाब नावाच्या तेवीस वर्षांच्या इजिप्शियन तरुणाने रेडिओ केंद्रातून तारेवर मुद्रण करणारं जड यंत्र उसनं घेतलं आणि बायकांच्या झार नावाच्या विधीत शिरला. अंगात आलेलं उतरवण्याचा, गाऊन-नाचून करायचा हा विधी. ते गाणं टिपून आणून त्याने स्टुडिओत त्याच्यावर प्रयोग केले. मूळ सूर काढून टाकून वरचे उपस्वर तेवढे ठेवले, प्रतिध्वनीच्या खोलीत ते घुमवले, पुन्हा मुद्रित केले. टिपलेल्या आवाजांतून संगीत रचायची पद्धत पॅरिसच्या पिएर शेफरने काढली असं पुस्तकांत छापलं जातं. शेफरचा पहिला प्रयोग १९४८चा. म्हणजे त्याच्या चार वर्षं आधी एक लोकविधी आणि एक विजेचं यंत्र कैरोत एकत्र आले होते. अल-दाब पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला आणि २०१७ साली वारला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा मिळायला फार उशीर झाला.

‘शोध’ लागतो

मार्क गर्गिस हा कॅलिफोर्नियाचा, इराकी वंशाचा संगीतकार १९९७ साली पहिल्यांदा सीरियात गेला. टपऱ्यांवर वाजणाऱ्या कॅसेटांतला एक आवाज त्याच्या कानात बसला. पुढच्या वर्षांत तो पुन्हा पुन्हा जात राहिला, त्याने ढीगभर कॅसेट जमवल्या आणि शेवटी सुलेमानला गाठलं. २००७ साली सिअॅटलच्या ‘सब्लाइम फ्रीक्वेन्सीज’ या छोट्या कंपनीने त्या कॅसेटांतली निवडक गाणी ‘हायवे टू हसाके’ या नावाने काढली. तिथून चक्रं भराभर फिरली. २००९ मध्ये युरोपचा पहिला दौरा. २०११ मध्ये ग्लास्टनबरीचा महोत्सव, आणि त्याच वर्षी आइसलंडच्या ब्योर्कने आपली गाणी नव्याने बांधायला त्याच्याकडे दिली. २०१३ मध्ये ब्रुकलिनच्या स्टुडिओत ‘वेनू वेनू’ हा संग्रह झाला. निर्माता होता ‘फोर टेट’ या नावाने प्रसिद्ध असलेला कीरन हेब्डन.

हेब्डनने शहाणपणा केला तो असा की त्याने फारसं काही केलं नाही. माइक नीट लावले, ढोल स्वच्छ केला, कडा घासल्या आणि दोघांना त्यांच्या पद्धतीने वाजवू दिलं. तरीही मला विचाराल तर जुन्या कॅसेटच सरस. त्यात आवाज फाटतो, टेप घासलेली आहे, मध्येच कुणीतरी ओरडतं. पण गाणाऱ्यासमोर नाचणारी ओळ आहे आणि ती थकली की चाल बदलते, हे ऐकू येतं. स्टुडिओतल्या गाण्याला ती ओळ नाही. ते काही मिनिटांतच संपतं, कारण संग्रहातल्या गाण्यांनी तेवढ्यात संपायचं असतं.

‘शोध’ हा शब्द मी अवतरणात टाकला त्याचं कारण उघड आहे. सीरियातल्या टपरीवाल्यांना जो गायक अनेक वर्षं माहीत होता, त्याचा शोध कसला लावायचा? असाच मान मुंबईच्या चरणजित सिंग यांनाही मिळाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ साली सिंथेसायझर आणि यांत्रिक तालयंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. ती आपल्याकडे कुणी विचारली नाही. २०१० साली ती नव्याने निघाली, तेव्हा शिकागोच्या मंडळींनी पुढे ज्याला ‘अॅसिड हाउस’ म्हटलं तसं वादन मुंबईत आधीच झालं होतं म्हणून जगभर गवगवा झाला. तोवर चरणजित सिंग सत्तरीत पोहोचले होते. दोन्ही गोष्टींत फरक एक आहे, आणि तो मोठा. चरणजितना त्यांच्या घरच्या माणसांनी ऐकलं नव्हतं; सुलेमानला आधी घरच्यांनीच डोक्यावर घेतलं होतं. गर्गिसने निदान श्रेय आणि नावं नीट छापली, कवीचंसुद्धा. परदेशी संग्राहकांच्या जगात हे दुर्मीळ आहे.

पाश्चात्त्य श्रोत्यांनी मात्र त्याला ‘पूर्वेकडचा टेक्नो’ म्हणून घेतलं. काळा चष्मा आणि डोक्यावरचं फडकं यांचं अप्रूप जास्त, शब्दांकडे लक्ष नाही. शब्द काय, तर जवळपास सगळे प्रेमाचे. तू कुठे आहेस, का रुसलीस, तुझ्यावाचून रात्र जात नाही, अशा धर्तीचे. मुलाखतकार राजकारण विचारायचे आणि हा दर वेळी ते टाळायचा. २०१३च्या डिसेंबरात ऑस्लोच्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत तो गायला. त्या वर्षीचा पुरस्कार रासायनिक अस्त्रांवर बंदीसाठी झटणाऱ्या संघटनेला होता आणि तिचे लोक त्या घडीला सुलेमानच्याच देशातली अस्त्रं गोळा करत होते. तिथेही त्याने लग्नातली प्रेमगीतंच म्हटली. मला यात पळपुटेपणा दिसत नाही. ज्याचं सगळं गाणं लग्नासाठी झालं, त्याने लग्न लागत नसलेल्या काळात तेच गात राहावं, यात एक हट्ट आहे.

रूळ ओलांडून

२०११ साली सीरिया पेटला आणि सुलेमान रूळ ओलांडून तुर्कस्तानातल्या उर्फा भागात गेला. रास अल-ऐनमध्ये २०१२च्या अखेरीस चकमकी सुरू झाल्या; २०१९च्या ऑक्टोबरात तुर्की फौजा शिरल्या आणि हजारो माणसं घर सोडून गेली. ज्या लग्नांनी हे संगीत घडवलं त्या लग्नांची वरात अशी देशोदेशी पांगली. सुलेमानने तुर्कस्तानात बेकरी उघडून गरजूंना रोटी वाटली. २०२१च्या नोव्हेंबरात तिथल्या पोलिसांनी त्याला कुर्द बंडखोरांशी संबंध असल्याच्या संशयावरून धरलं आणि लवकरच सोडूनही दिलं. २०१७च्या संग्रहाला त्याने सीरियाचं नाव दिलं होतं. २०२४चा संग्रह इराकी कुर्दिस्तानच्या ‘अर्बिल’ शहराच्या नावाने आहे. संग्रहांची नावं ओळीने वाचली तरी या माणसाचा पत्ता कसा बदलत गेला ते कळतं.

रिझान सईदची वाट दरम्यान वेगळी झाली. २०१५ साली बैरूतच्या एका छोट्या कंपनीने त्याचा एकट्याचा संग्रह काढला आणि त्याला ‘किंग ऑफ कीबोर्ड’ असं ठसक्यात नाव दिलं. त्यात गायक नाहीच. गाणाऱ्याच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा भरणारा माणूस आता सगळी जागा घेऊन बसलाय, आणि एकदाही असं वाटत नाही की इथे आवाज हवा होता. २०१८च्या ‘साझ ऊ दीलान’मध्ये तो आपल्या कुर्दी चालींकडे वळला. या दोन संग्रहांची चर्चा सुलेमानच्या मानाने नगण्य झाली. गायकाच्या मागे उभ्या असलेल्याचं हे जुनंच दुखणं आहे.

त्यांच्या मागून आलेली पिढी वेगळ्या वाटेने शिरली. अलेप्पोचा ‘हेलो सायकालेप्पो’ जुन्या अरबी गायकीचे तुकडे घेऊन त्यावर बांधकाम करतो. २०१३ साली जॉर्डनमध्ये जमलेल्या ‘फोर्टीसेव्हन सोल’ या पॅलेस्टिनी-जॉर्डेनियन मंडळींनी आपल्या प्रकाराला ‘शामस्टेप’ म्हटलं. त्यांच्या सिंथेसायझरमध्ये पुन्हा तोच मिजविझ थरथरतो. ही मुलं शिकलेली आहेत, इंग्रजीतही गातात, व्हिसा आणि सरहद्दी यांवर उघड बोलतात. सुलेमान जे टाळायचा ते सगळं त्यांच्या गाण्यात आहे. पण ठेका लग्नातलाच.

ऐकायचं असेल तर एक क्रम सुचवतो. आधी ‘हायवे टू हसाके’ ऐका, कर्ण्यावर वाजतंय असं समजून, मोठ्या आवाजात. मग ‘वेनू वेनू’. मग लगेच ‘किंग ऑफ कीबोर्ड’, म्हणजे आधीच्या दोन्हींत काय कुणाचं होतं ते आपोआप वेगळं होईल. त्यानंतर गर्गिसने वर्षानुवर्षं जमवलेल्या टेपांकडे वळा. आज त्या ‘सीरियन कॅसेट आर्काइव्ह्ज’ या नावाने इंटरनेटवर ठेवल्या जाताहेत आणि कुणालाही फुकट ऐकता येतात.